लवणस्तंभांना हात लावू नये, हे बसमध्येच सांगा

महोदय,

गेल्या जानेवारीत महाराष्ट्रातील एका सहल कंपनीबरोबर विशाखापट्टणमहून अरकूला जाताना आम्ही अनंतगिरीच्या डोंगरातील बोर्रा गुहा पाहिली. लेणी पाहत वाढलेल्या मराठी माणसाला गुहा म्हटले की छिन्नी आठवते. ही गुहा मात्र केवळ पाण्याने घडवली आहे. मातीतून झिरपताना पावसाच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड मिसळतो, ते किंचित आम्लधर्मी पाणी चुनखडक विरघळवत खाली उतरते आणि छताला थेंब लोंबकळत असताना तो वायू निसटला की चुन्याचा अतिशय पातळ थर मागे राहतो. अशा थरांनी वाढणारे लवणस्तंभ वर्षाकाठी सहसा मिलिमीटरच्या काही अंशानेच वाढतात. आपल्या बेसॉल्टच्या मुलखात हे सहसा पाहायला मिळत नाही, म्हणून तर एवढ्या लांब जायचे.

पायवाटेलगतचे स्तंभ कमरेच्या उंचीपर्यंत काळपट आणि तुळतुळीत झालेले दिसले. हात पोहोचत नाही तेथून वर तोच दगड पांढुरका व खरखरीत होता. हातांचा तेलकटपणा दगडावर बसला की त्यावर नवा थर नीट धरत नाही. आमच्याच गटातील एका मुलाने फोटो काढताना खडूएवढी एक कांडी मोडली. ती आतून पोकळ होती आणि तिच्यातून पाणी ओघळत होते. वडिलांनी ती आठवण म्हणून रुमालात गुंडाळली. माझ्यासह कोणीही हरकत घेतली नाही, याची मला अजून खंत वाटते.

मुलाला दोष देता येणार नाही, कारण त्याला कोणी सांगितलेच नव्हते. बसमध्ये जेवणाची वेळ, परत जमण्याची जागा, खरेदीची दुकाने, सारे सांगितले गेले. एवढेच राहून गेले. अजिंठ्याच्या चित्रांवर फ्लॅश मारू नये, हे वारंवार ऐकल्यामुळेच आपल्या अंगवळणी पडले आहे. त्याचप्रमाणे अरकूच्या सहली नेणाऱ्या कंपन्यांनी गुहेपाशी उतरण्यापूर्वी पाच मिनिटे काढून हे स्तंभ कसे तयार होतात आणि त्यांना हात का लावायचा नाही, ते मराठीतून समजावून सांगावे आणि गटाबरोबरच्या व्यवस्थापकाने आत शेवटच्या माणसापर्यंत लक्ष ठेवावे. येत्या हंगामातील पहिल्या सहलीपासूनच हे सुरू व्हावे, अशी कळकळीची विनंती आहे.

– एक वाचक, सोलापूर