'यूबी ४०' म्हणजे फक्त उसनी गाणी नव्हेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला ऐंशीच्या दशकातील इंग्रजी गाण्यांवरचा लेख वाचला. त्यात 'यूबी ४०' या ब्रिटिश रेगे (जमैकात जन्मलेला संगीतप्रकार) बँडची 'दुसऱ्यांची गाणी गोड करून गाणारे' एवढ्यावरच बोळवण केली आहे. हे पटले नाही.

१९७८ च्या अखेरीस बर्मिंगहॅममध्ये हा बँड जमला, तेव्हा त्यातले बहुतेक जण बेकार होते. बेकारभत्त्याच्या सरकारी कार्डाचा क्रमांक हेच बँडचे नाव झाले आणि 'साइनिंग ऑफ' (१९८०) या पहिल्या अल्बमच्या वेष्टनावर तेच कार्ड छापले गेले. त्यातले 'टायलर' ऐकावे. लुइझियानात फक्त गोऱ्या ज्युरींनी दोषी ठरवलेल्या गॅरी टायलर या कृष्णवर्णीय किशोराचे ते गाणे आहे. त्याची सुटका व्हायला २०१६ साल उजाडले! 'बर्डन ऑफ शेम' ब्रिटनच्या वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेशी असलेल्या लागेबांध्यांवर होते. दक्षिण आफ्रिकेतल्या आवृत्तीतून रेकॉर्ड कंपनीने ते वगळले, तेव्हा या मंडळींनी कंपनीच सोडली आणि स्वतःची काढली. पहिलाच अल्बम गाजत असताना हे करायला धमक लागते.

उसन्या गाण्यांचे म्हणाल, तर 'लेबर ऑफ लव्ह' (१९८३) हे लहानपणी कानावर पडलेल्या जमैकन गाण्यांचे ऋण फेडणे होते. जिमी क्लिफ, एरिक डोनाल्डसन यांची गाणी त्यात आहेत. गंमत म्हणजे सर्वांत गाजलेले 'रेड रेड वाइन' मुळात अमेरिकन गायक नील डायमंडचे. पण यांनी ऐकले होते ते जमैकन गायक टोनी ट्राइबच्या रेगे चालीत, त्यामुळे गीतकार 'एन. डायमंड' हा कुणी जमैकनच असणार, असा त्यांचा समज होता.

लेखकाचा आरोप १९८९ नंतरच्या काळाला मात्र लागू पडतो. 'लेबर ऑफ लव्ह'चे दुसरे, तिसरे, चौथे भाग काढत राहणे ही सरळ दुकानदारी होती. २००८ मध्ये गायक अली कॅम्पबेल बाहेर पडल्यावर तर एकाच नावावर हक्क सांगणारे दोन बँड झाले. ते भांडण ज्यांना चघळायचे त्यांनी चघळावे.

लेखमालेच्या पुढच्या भागात 'साइनिंग ऑफ'ला निदान एक परिच्छेद मिळावा, ही विनंती.

– एक वाचक, डोंबिवली