मराठवाड्याच्या नावाला चिकटलेले शब्द

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी सेलूची निवृत्त शिक्षिका. सातवीच्या वर्गात 'मराठवाडा' म्हटल्याबरोबर मनात येईल तो शब्द मी मुलांना वहीत लिहायला सांगत असे. दुष्काळ, टँकर, मागास, कर्ज. दुधना दुथडी भरून वाहिली त्या वर्षीही वह्यांत टँकरच होता. 'पुणे' म्हटलं की कॉलेज, हुशार, नोकरी. आणि पुणं तर बहुतेकांनी पाहिलेलंही नव्हतं.

१९५८ साली अमेरिकेत आर्थर आणि कॅरोलिन स्टाट्स या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना पडद्यावर निरनिराळ्या देशांच्या लोकांची नावं दाखवली आणि प्रत्येक नावापाठोपाठ एक शब्द ऐकवला. काहींना 'डच'नंतर चांगले शब्द आणि 'स्वीडिश'नंतर वाईट, काहींना उलट. ज्या नावाला जसे शब्द लागले, तसं ते नाव बरं किंवा वाईट वाटू लागलं. डच माणसानं कुणाचं काही बिघडवलं नव्हतं.

मला त्याहून अस्वस्थ करतो तो मानसशास्त्रज्ञ मरे सिडमन यांचा १९७१चा प्रयोग. बौद्धिक अपंगत्व असलेल्या एका मुलाला ऐकलेल्या शब्दाचं चित्र दाखवता येई, वाचता येत नसे. त्याला ऐकलेला शब्द छापील शब्दाशी जुळवायला शिकवलं, एवढंच. मग छापील शब्द आणि चित्र तो आपला आपण जुळवू लागला! वाचन शिकवणाऱ्याला हे वरदानच. पण आवडनावड, भीतीसुद्धा अशाच न शिकवलेल्या नात्यांतून पुढे सरकते, हे नंतरच्या संशोधनात दिसलं. मराठवाडा म्हणजे दुष्काळ, दुष्काळ म्हणजे लाचारी. 'आपण कमी' हे मग कुणाला सांगावं लागत नाही. माझा एक विद्यार्थी पुण्यात गाव विचारलं की 'संभाजीनगरकडचा' म्हणतो. गावाचा अभिमान त्याला खरोखर आहे, तरी नाव घेताना जीभ अडते.

बातम्या दडवा असं माझं म्हणणं नाही. २०१६ साली मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, ते छापायलाच हवं होतं. पण एकदा बसलेली नावड, नाव आणि शब्दाची जुनी जोडी नुसती थांबवून सहसा जात नाही; नव्या जोड्या, त्याही पुन्हा पुन्हा, लावाव्या लागतात. वसमतची हळद, जालन्याची मोसंबी, बीडचं सीताफळ यांना भौगोलिक मानांकन आहे. ते कृषी पुरवणीत आतल्या पानावर जातं. ते पहिल्या पानावर, मथळ्यात 'मराठवाडा' हे नाव घालून छापा. आणि टंचाई एका तालुक्यात असेल, तर मथळ्यात त्या तालुक्याचंच नाव द्या.

एक निवृत्त शिक्षिका,
सेलू, जि. परभणी