अंड्यावर बंदी, पण नळाशी साबण नाही

संपादक महोदय,
बर्ड फ्लूची तुमची बातमी वाचली आणि त्याच संध्याकाळी मुलीच्या शाळेच्या ग्रुपवर मेसेज आला की डब्यात अंडं देऊ नका, म्हणून हे पत्र. अहो, नीट शिजवलेल्या अंड्यातून हा आजार होत नाही, ७० डिग्रीला विषाणू मरतो, खरा धोका आजारी किंवा मेलेल्या पक्ष्याला हात लावण्यात, आणि नेमकं तेच मेसेजमध्ये नव्हतं. २००६ला नवापूरमध्ये लाखो कोंबड्या मारल्या, तरी माणसांत एकही केस निघाली नाही. उलट २००९च्या ऑगस्टमध्ये माणसाकडून माणसाला पसरणाऱ्या स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी आपल्या पुण्यातली शाळकरी मुलगी होती, तेव्हा घाईघाईने शाळा बंद कराव्या लागल्या होत्या.
मागच्या आठवड्यात शाळेत गेले तर सहा नळांना मिळून साबणाची एक वडी, तीही झिजून चपटी झालेली. शेजारच्या वर्गात एक मुलगा तापाने लाल झालेला, पण शंभर टक्के हजेरीचं सर्टिफिकेट जाईल म्हणून आईने पाठवलेला. आधी ते सर्टिफिकेट बंद करा, आणि आजारी मुलाला घरी ठेवलं तर हजेरी कापणार नाही हे पालकांना लेखी द्या.

– एक पालक, कोथरूड, पुणे