लाल पेन्सिलवाल्या काकांना

काका, नमस्कार. तुम्ही मोबाईलवर फक्त फोन उचलता आणि पाऊस बघता हे मला माहितीये, त्यामुळे हे ताईच वाचून दाखवेल तुम्हाला, पण चार लोकांसमोर लिहायचं होतं म्हणून इथे लिहितोय. तुम्ही रिटायर होऊन बार्शीला निघालात त्या दिवशी नेमका स्लॅब भरायचा होता आणि मी काँक्रीटच्या पंपापाशी अडकलेलो, धड बोलणंच झालं नाही.

पुण्याजवळ वाकडच्या बांधकामाच्या साईटवर जॉईन झालो तेव्हा डिग्री नवी कोरी, हेल्मेट पण नवं कोरं, आणि संध्याकाळचा डीपीआर, दिवसभरात काय काम झालं त्याचा रिपोर्ट, म्हणजे नुसती कटकट. कालची फाईल उघडायची, तारीख बदलायची, "तिसऱ्या मजल्याचं शटरिंग चालू आहे, लेबर ४७", पाठवलं की मोकळा. (शटरिंग म्हणजे काँक्रीट ओतायचा साचा.) सलग आठ दिवस हेच एक वाक्य गेलं, कोणी हूं की चूं केलं नाही, मला वाटलं जमतंय की. नवव्या दिवशी तुम्ही प्रिंट काढून लाल पेन्सिलीने "चालू आहे"वर काट मारलीत. "साहेब, काम चालूच असतंय हो. बंद पडलं असतं तर आपण दोघं हितं असतो का? आज किती झालं ते लिवा." माझ्या वडिलांच्या वयाचे तुम्ही, तरी मला साहेब म्हणायचात आणि सगळा टोमणा त्या साहेबातच असायचा.

मग रोज संध्याकाळी सिमेंटच्या गोण्यांवर बसून शिकवणी. ४७ म्हणजे कोण कोण? सुतार १४, सळई बांधणारे फिटर ११, बाकी गवंडी-बिगारी असं फोडून लिहायचं, कारण एखाद्या दिवशी सुतार सहाच आले तरी ४७ चा आकडा ४७ च दिसतो, शटरिंग मात्र पुढे सरकत नाही, आणि महिन्याने ठेकेदार छाती काढून सांगतो की मी तर माणसं पुरवली होती. जागा लिहायची ती ग्रिडने, म्हणजे नकाशावरच्या रेघांच्या नंबराने, सी-४ ते सी-७, काम लिहायचं ते चौरस मीटरमध्ये. आणि जे झालं नाही ते पण लिहायचं. हे मला सगळ्यात जड गेलं, आपणच आपली चुगली केल्यासारखं वाटायचं. नुसतं "पाऊस" नको म्हणालात, "पाऊस २.४० ते ५.१५, काँक्रीट उद्यावर, पंप आणि १९ माणसं बसून" असं लिवा. पुढे मुदतवाढ मागितली तेव्हा क्लायंटचा माणूस एकेक दिवस उकरत बसला आणि आमच्याकडे प्रत्येक दिवसाचे तास होते, गप्पच झाला बिचारा.

पण खरं थँक्यू त्या २२ कॉलमसाठी, म्हणजे खांबांसाठी, आहे. तुम्हाला फोनवर अर्धवटच सांगितलं होतं, आता पूर्ण सांगतो.

एम ३० चे, म्हणजे ३० ताकदीच्या काँक्रीटचे (न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर), २२ कॉलम, काँक्रीट आणणाऱ्या तीन गाड्या म्हणजे ट्रान्झिट मिक्सर, तुम्ही रजेवर. तुमच्या सवयीप्रमाणे मी प्रत्येक गाडीपुढे चलान नंबर, प्लांटमधून निघाल्याची वेळ, रिकामी झाल्याची वेळ, स्लंप (काँक्रीट किती पातळ ते, मिलिमीटरमध्ये) आणि ती गाडी कुठल्या कॉलममध्ये गेली हे लिहिलं होतं. आठ, आठ आणि शेवटच्या गाडीत सहा. खरं सांगू, लिहिताना शिव्या पण दिल्या होत्या, हा कॉलमचा कॉलम कोण वाचणार म्हणून. २८ दिवसांनी क्यूब, म्हणजे त्याच काँक्रीटचे नमुन्याचे ठोकळे, फोडले तर तिसऱ्या गाडीची सरासरी २४ च्या आसपास. तोवर वर दोन स्लॅब चढलेले. पीएमसीने (प्रोजेक्टचे सल्लागार, महापालिका नव्हे) थेट २२ कॉलम होल्डवर टाकले, वरचं काम बंद, मिटींगमध्ये सगळे माझ्याकडे बघतायत. मी त्या दिवसाचा रिपोर्ट टेबलावर ठेवला. तिसरी गाडी, सहा कॉलम, नंबरासकट. बाकीचे १६ त्याच दुपारी सुटले. उरलेल्या सहांवर रिबाउंड हॅमर मारून ताकदीचा अंदाज, त्यातून निवडून तीन कोअर, म्हणजे खांबातून कापून काढलेले नमुने. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे कोअरची सरासरी ३० च्या ८५ टक्के पाहिजे म्हणजे २५.५, आणि एकही ७५ टक्क्यांखाली म्हणजे २२.५ च्या खाली नको. सरासरी २७ आली, तिन्ही पास. त्या रात्री जेवलो मी नीट.

आता जे फोनवर सांगितलं नव्हतं ते. त्याच रिपोर्टात तिसऱ्या गाडीपुढे स्लंप १७० लिहिलेला होता, पहिल्या दोन्ही १३० च्या. ड्रायव्हरने वाटेत पाणी मारलं असणार हे मला तेव्हाच कळायला हवं होतं, गाडी परत पाठवायला हवी होती, पण अंधार पडत होता आणि सहाच कॉलम राहिले होते. म्हणजे माझी चूक माझ्याच अक्षरात फाईलला लागलेली. मिटींगआधी एकदा, एकदाच हां, मनात आलं की १७० चा १३० करून नवी प्रिंट काढावी. नाही केलं. पण मनात आलं होतं, ते तुमच्यापासून लपवायचं नव्हतं.

आता आमच्याकडे ॲप आलंय. वेदरला ड्रॉपडाऊन, क्लाउडी की रेनी तेवढंच, किती वाजता ते टाकायला जागाच नाही, मग मी रिमार्कमध्ये ठोकतो सगळं आणि हेड ऑफिसवाले म्हणतात रिमार्क छोटे ठेवा. नाही ठेवत. फोटो काढताना अजून प्लायच्या तुकड्यावर खडूने तारीख आणि ग्रिड लिहून बाजूला उभा करतो, पोरं हसतात. बीमचे टेकू कधी काढायचे ती तारीख काँक्रीटच्या दिवशीच रिपोर्टात टाकतो, बीमचा गाळा सहा मीटरपर्यंत असेल तर १४ दिवस, त्यावर २१, म्हणजे लेबर ठेकेदार नवव्या दिवशी ते टेकू, प्रॉप, मागायला आला की तोंडाची वाफ दवडावी लागत नाही, कागद दाखवायचा.

नवीन आलेल्या मुलीच्या पहिल्या रिपोर्टात "काम प्रगतीपथावर" असं होतं. मी ड्रॉवरमधून पेन्सिल काढली. लालच.

त्याच ड्रॉवरमध्ये तुमची हार्डवेअरच्या दुकानाची फुकटातली डायरी राहिलीये, निळी, रबर लावलेली. उघडून बघितली, माफ करा. मी जॉईन झालो त्या तारखेला "नवा साहेब आला, बूट चांगले" एवढंच आहे. दिवाळीला घेऊन येतो, स्टँडवर उतरलो की फोन करतो.

तुमचा,
साहेब