बंद पेटीला पोर्ट पाडण्याआधी

कोल्हापूर,
१८ जानेवारी २०२५

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. गाडीच्या डिकीतली वूफरची, म्हणजे खर्जाच्या स्पीकरची, बंद पेटी काढायची, पुढच्या फळीला एक गोल भोक पाडायचे, प्लंबिंगच्या दुकानातून आणलेला चार इंची पाइपाचा तुकडा त्यात पोर्ट म्हणून बसवायचा आणि त्याच पेटीतून, त्याच वूफरमधून दुप्पट घुमणारा आवाज काढायचा, असा तुझा बेत दिसतो. रविवारी सुतार येणार असल्याचेही तू लिहिले आहेस. त्याला आठवडाभर थांबव. तीन वर्षांपूर्वी गणपतीच्या आदल्या रविवारी मी नेमका हाच उद्योग केला होता, आणि त्याची हकिकत तुला कधी सांगितली नाही, कारण सांगण्यासारखे त्यात काही नव्हते.

माझी पेटी १८ मिलिमीटरच्या एमडीएफची, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीची होती. आतून ५० सेंटिमीटर रुंद, ३४ उंच आणि १७ खोल. गुणाकार केलास तर सुमारे २९ लिटर येतात, आणि वूफरच्या चुंबकाने व सांगाड्याने व्यापलेले दोन-सव्वादोन लिटर वजा केले की पावणेसत्तावीस उरतात. बारा इंची वूफर, बंद पेटी म्हणून हे माप अगदी रास्त होते. खोली १७ सेंटिमीटरच असल्याने मी १२ सेंटिमीटरचा पाइप कापला, म्हणजे मागे थोडी जागा राहील, एवढाच विचार करून. जिगसॉने भोक पाडले, पाइप एम-सीलने चिकटवला, संध्याकाळी गाडीत बसून गाणे लावले आणि पहिली दोन मिनिटे मी स्वतःवर फार खूश होतो. तिसऱ्या मिनिटाला लक्षात आले की गाणे कोणतेही लावा, खालून एकच सूर येतो आहे. ढोल असो, पखवाज असो किंवा बेस गिटार, सगळ्यांचा मिळून एकच ‘भुम्म’. मागची नंबरप्लेट त्या एका सुरावर थरथरत होती आणि त्याच्या खालचे, म्हणजे जे ऐकण्यासाठी हा सारा खटाटोप केला ते, पार नाहीसे झाले होते. आवाज वाढवला तसा वूफरचा कोन, म्हणजे पुढचा शंकूसारखा पडदा, पुढे-मागे भलताच फडफडू लागला आणि डिकीतून तापलेल्या वॉर्निशचा वास आला. मी घाईने बंद केले म्हणून वूफरमधली तारेची गुंडाळी, म्हणजे कॉइल, वाचली.

असे का झाले ते नंतर कागदावर मांडले तेव्हा कळले. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली की तिचा एक ठरावीक सूर निघतो. बाटलीच्या मानेतली हवा वजनासारखी आणि पोटातली हवा स्प्रिंगसारखी वागते, म्हणून. पोर्ट असलेली पेटी ही अशीच बाटली असते. मान आखूड केली किंवा पोट लहान केले की सूर चढतो, मान लांब केली किंवा पोट मोठे केले की उतरतो. पेटी ज्या वारंवारतेला बोलते तिथे पोर्टमधली हवा जोराने हलते आणि कोन जवळजवळ स्थिर राहतो. आवाज पोर्ट करतो, श्रम वाचतात ते कोनाचे. मात्र त्या सुराच्या खाली गेलो की पेटीतली हवा भोकातून नुसती आतबाहेर होते, कोनाला मागून धरणारे काही उरत नाही, आणि पोर्ट व कोन एकमेकांचा आवाज खाऊन टाकतात. बंद पेटीत आतली कोंडलेली हवाच कोनाला आवरून धरते. त्या आधाराची किंमत तो काढून घेतल्यावर समजते.

पाइपाच्या लांबीचे गणित अवघड नाही, वहीत उतरवून ठेव. पाइपाच्या आतल्या व्यासाचा सेंटिमीटरमधला आकडा घेऊन त्याचा वर्ग कर आणि त्याला २३५६२.५ ने गुण. हव्या त्या वारंवारतेचा वर्ग गुणिले पेटीचे निव्वळ लिटर, याने त्याला भाग. आलेल्या उत्तरातून व्यासाची ०.७३२ पट वजा कर. राहील ती लांबी, सेंटिमीटरमध्ये. ११० मिलिमीटरचा जो पीव्हीसी पाइप दुकानात मिळतो त्याचा आतला व्यास मी मोजला तो १०.४ सेंटिमीटर भरला. हे आकडे उलटे फिरवून पाहिल्यावर माझ्या त्या पेटीचा सूर सुमारे ७० हर्ट्झवर निघाला. वूफरच्या कंपनीने छापलेल्या कागदावर पोर्टसाठी ३६ हर्ट्झ सुचवलेले होते. म्हणजे मी जवळजवळ सप्तकभर वर बसलो होतो!

मग पाइप लांब करावा म्हणशील. केला, कागदावर. पावणेसत्तावीस लिटरच्या पेटीत ३६ हर्ट्झ हवे असतील तर ६६ सेंटिमीटरच्या आसपास पाइप लागतो. तो १७ सेंटिमीटर खोलीत वळणे देऊन कोंबला तरी तो स्वतःच सहा-साडेसहा लिटर जागा खातो, त्यामुळे पेटी वीस लिटरवर येते, आणि वीस लिटरला पुन्हा हिशेब केला की पाइप ९० सेंटिमीटर मागतो. पाइप वाढवावा तशी पेटी घटते आणि पेटी घटली की पाइप आणखी वाढतो. बंद पेटीला भोक पाडून तिची पोर्टवाली पेटी होत नाही ती या कारणाने. त्याच कागदावर बंद पेटीसाठी १ घनफूट, म्हणजे २८.३ लिटर, आणि पोर्टवाल्या पेटीसाठी १.७५ घनफूट, म्हणजे सुमारे ५० लिटर असे दोन वेगळे आकडे शेजारी-शेजारी छापलेले होते. मी तो कागद वूफरच्या खोक्यातच ठेवून खोके माळ्यावर टाकले होते.

हा कागद तुझ्याकडेही असेल; तो आधी शोध. त्यावर एफएस म्हणजे वूफरची स्वतःची वारंवारता आणि क्यूईएस म्हणजे त्या वारंवारतेला कोनाला विजेच्या बाजूने किती आवर बसतो त्याचा आकडा, असे दोन आकडे असतील. पहिल्याला दुसऱ्याने भाग. उत्तर ५० च्या खाली आले तर तो वूफर बंद पेटीचा आहे, त्याला छेडू नकोस. १०० च्या वर आले तर पोर्टसाठीच जन्मलेला आहे. मधले असेल तर दोन्हीकडे चालतो. माझे २९ भागिले ०.५०, म्हणजे ५८ आले, आणि तेवढ्या बळावर मी पुढे गेलो. हे आकडे आज प्रत्येक वूफरबरोबर मिळतात त्याचे श्रेय ऑस्ट्रेलियातल्या नेव्हिल थील यांना आणि त्यांच्यानंतर रिचर्ड स्मॉल यांना जाते. थील यांचा निबंध १९६१ चा. पोर्टची कल्पना त्याहून जुनी, बेल लॅबोरेटरीजमधल्या अल्बर्ट थुरास यांनी १९३० मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि ते १९३२ मध्ये मिळाले. मधली तीस वर्षे लोक पेट्या बव्हंशी अंदाजाने आणि कानाने जमवत होते, हे वाचून मला माझ्या जिगसॉबद्दल जरा कमी लाज वाटली.

दुसऱ्या खेपेला मी पेटी फेकली नाही, वाढवली. मागची फळी करवतीने काढली आणि चारी बाजूंनी १६ सेंटिमीटर खोलीची नवी चौकट जोडली. आता आतली खोली ३३ झाली, एकूण ५६ लिटर. त्यातून वूफरचे दोन-सव्वादोन, पाइपाचे तीन आणि मधल्या आडव्या टेकूचा सुमारे एक लिटर वजा केला की बरोबर ५० उरतात. पुढच्या फळीवरचे आधीचे भोक, म्हणजे माझ्या पापाची खूण, उपयोगी पडले. पाइप मात्र ३२ सेंटिमीटरचा हवा होता, आणि तो सरळ घातला तर आतले तोंड मागच्या फळीपासून अवघे तीन सेंटिमीटर राहत होते. तोंडासमोर निदान पाइपाच्या व्यासाइतकी मोकळी जागा लागते, नाहीतर हवा गुदमरते आणि सूर बदलतो. म्हणून प्लंबिंगचाच एक बेंड लावून पाइप आडवा वळवला. लांबी बेंडच्या मध्यरेषेवरून मोजायची, बाहेरच्या कडेवरून नाही. बाहेरच्या तोंडाला कडा गोलसर केली, कारण धारदार कडेवर हवा फुसफुसते. बारा इंची वूफरला चार इंची एकच पाइप थोडा अरुंद पडतो, हे खरे आहे. पण दोन पाइप लावले असते तर प्रत्येकी ७१ सेंटिमीटर लांबी लागली असती. माझा अॅम्प्लिफायर २०० वॉटचा आहे, त्यावर फुसफुस फक्त अगदी टोकाच्या आवाजात ऐकू येते. तुझा त्याहून मोठा असेल तर फळ्यांचा चौकोनी, वळणाचा पोर्ट करावा लागेल.

एमडीएफ तू वापरू नकोस. रत्नागिरीच्या पावसाळ्यात डिकीत ओलावा शिरला की एमडीएफच्या कडा भिजलेल्या पावासारख्या फुगतात. नव्या चौकटीला मी आयएस ७१० चा शिक्का असलेले मरीन प्लाय घेतले. सांधे फेव्हिकॉल आणि स्क्रूने, आतून सिलिकॉनची रेघ. पेटीत हवा कुठून निसटते का ते पाहायला उदबत्ती पेटवून, हलक्या आवाजात वूफर चालू ठेवून, सांध्यांवरून फिरवली. डाव्या खालच्या कोपऱ्यात धुराची रेघ एकदम उडाली तिथे सुताराचा एक स्क्रू राहिलेला होता. बंद पेटीत भरलेला पॉलिएस्टरचा कापूसही सगळा ठेवू नकोस, भिंतींना पातळ थर पुरे. सुटा कापूस पोर्टमधून उडून बाहेर येतो.

आता साबुदाण्याची गोष्ट. पाइप मी मुद्दाम ३६ सेंटिमीटरचा कापला होता, कारण लांब पाइप नंतर छाटता येतो, आखूड वाढवता येत नाही. पेटी उताणी ठेवली, कोनावर चिमूटभर साबुदाणा टाकला आणि मोबाइलवरून एकेक हर्ट्झचा सूर हलक्या आवाजात वाजवत खाली उतरलो. ५० ला दाणे तव्यावरच्या ज्वारीच्या लाह्यांसारखे उडत होते, ४० ला नुसते सरकत होते, ३४ ला जागच्या जागी थरथरत राहिले आणि ३० ला पुन्हा उसळून जमिनीवर. सर्वांत शांत जागा तीच पेटीची वारंवारता, म्हणजे ३४. वूफरचे आठ स्क्रू काढले, पाइप चार सेंटिमीटर छाटला, पुन्हा बसवला. शांतता ३६ वर सरकली. हिने दारातून पाहिले आणि उपासाच्या दिवशी मी हे काय मांडले आहे असे विचारले. उत्तर देण्याच्या स्थितीत मी नव्हतो.

अॅम्प्लिफायरवर सबसॉनिक फिल्टर, म्हणजे अगदी खालचे सूर अडवणारी सोय, आहे ना, ते नक्की पाहा. मी तो ३० हर्ट्झवर ठेवला आहे, म्हणजे पेटीच्या सुराच्या थोडा खाली. बंद पेटीला त्याची गरज फारशी भासत नाही, पोर्टवाल्या पेटीला तो नसेल तर एखाद्या खोल सुराने वूफर जायला वेळ लागणार नाही. फिल्टर नसलेल्या अॅम्प्लिफायरवर हा बदल मी तुला करू देणार नाही.

एवढे करून काय मिळाले, हे तू विचारशीलच. चाळीस हर्ट्झच्या आसपासचा आवाज उघड वाढला. तेवढाच फरक नुसत्या अॅम्प्लिफायरने आणायचा तर वॉट दुप्पट करूनही फक्त ३ डेसिबल मिळतात. ढोलताशाचे रेकॉर्डिंग आता पोटात जाणवते. पण ३६ च्या खाली आवाज फार झपाट्याने पडतो, सप्तकाला २४ डेसिबल. बंद पेटीत तो १२ ने, सावकाश उतरतो, आणि गाडीच्या बंद केबिनमुळे अगदी खालचे सूर आपोआप उचलले जात असल्याने बंद पेटी गाडीत वाटते त्याहून खोल बोलते. तबल्याच्या डग्ग्यावर मनगट दाबून सूर ओढतात ती मींड मला जुन्या पेटीतच अधिक रेखीव ऐकू यायची, नव्या पेटीत तिच्या मागे एक हलकी सावली राहते. तू गाडीत बहुतेक नाट्यसंगीत आणि अभंग ऐकतोस. तुझ्या जागी मी असतो तर पेटी बंदच ठेवली असती, आणि तू तरीही ऐकणार नाहीस हेही मला ठाऊक आहे.

तेव्हा एवढे कर: पेटीची आतली तिन्ही मापे, डिकीत मागच्या सीटपासून दारापर्यंत किती सेंटिमीटर मोकळे आहेत ते, आणि वूफरच्या कागदाचा फोटो पाठव. तुझा पाइप किती लांब लागेल आणि पेटी किती वाढवावी लागेल, ते मी आकडे मांडून कळवतो. सुताराला पुढच्या रविवारी बोलाव. जिगसॉ माझ्याकडचीच घेऊन जा, तिचे पाते बदललेले आहे.

वहिनींना नमस्कार आणि मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अनंत