बंद रिफायनरीत पेटलेली फ्लेअर

महोदय,

जगभर रिफायनऱ्या बंद पडताहेत तो ‘हरित धोरणाचा विजय’, असं सांगणारा कालच्या अंकातील लेख वाचला. पण आधी छायाचित्राबद्दल बोलतो, कारण डोकं तिथेच फिरलं. कायमची बंद झालेली रिफायनरी म्हणून जे छायाचित्र छापलंय, त्यात फ्लेअर, म्हणजे जादा वायू जाळून टाकणारी उंच चिमणी, झकास पेटलेली आहे. बंद प्लांटमध्ये जाळायला वायू आला कुठून? आणि कूलिंग टॉवरमधून निघणारी पाण्याची वाफ खालच्या ओळीत ‘विषारी धूर’ झाली आहे. धन्य!

माझी सगळी नोकरी रिफायनरीच्या क्रूड युनिटवर, म्हणजे कच्चं तेल जिथे आधी वेगळं केलं जातं तिथे, गेली. एका रात्री वीज गेली, कॉम्प्रेसर थांबले आणि वायू फ्लेअरकडे वळवला गेला. ज्वाळा फार लांबून दिसत होती. फ्लेअर असते ती त्याचसाठी. ती पेटली म्हणूनच काही फुटलं नाही. सकाळी मात्र एका वृत्तपत्रात ‘रिफायनरीत अग्नितांडव’! शिफ्ट संपवून घरी पोचलो तर दारात नातेवाईक जमलेले आणि आई रडून बेजार. तेव्हापासून फ्लेअरचा फोटो दिसला की मी मथळा दोनदा वाचतो.

खरी आग अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या रिफायनरीची. जून २०१९ मध्ये तिथल्या अल्किलेशन युनिटमधला (जिथे पेट्रोलचा एक घटक बनतो), १९७३ च्या सुमारास बसवलेला पाइपचा बेंड गंजून पातळ झाला होता, तो फुटला. दिवसाला ३,३५,००० बॅरल क्षमतेची रिफायनरी त्यानंतर बंदच झाली. आपल्या लेखकाने तीही ‘हरित धोरणाच्या विजया’त जमा धरली आहे. गंजाला एवढा मान आजवर कोणी दिला नसेल.

ग्रँजमाउथ घ्या. १९२४ पासूनची, स्कॉटलंडमधली एकमेव उरलेली. एप्रिल २०२५ मध्ये तिथे क्रूड शुद्ध करणं थांबलं. तेल लागायचं थांबलं का? आता त्याच जागी तयार इंधन जहाजाने उतरतं. न्यूझीलंडने २०२२ मध्ये मार्सडन पॉइंट ही एकुलती एक रिफायनरी बंद केली, तिथेही आता आयातीच्या टाक्या. तिकडे नायजेरियात उद्योगपती दांगोतेंची ६,५०,००० बॅरलची आणि कुवेतमध्ये अल-झूरची ६,१५,००० बॅरलची रिफायनरी उभी राहिली. जुन्या, लहान रिफायनऱ्यांचा या धुडांपुढे खर्चच निघत नाही, हे मुख्य कारण लेखात अर्ध्या वाक्यात उरकलंय.

विजेच्या गाड्यांमुळे पेट्रोलचा खप घटेल, मान्य. पण क्रूडमधून पेट्रोल, डिझेल, विमानाचं इंधन, डांबर सगळं एकदमच निघतं. त्यातलं एक नको, बाकीचं तेवढं द्या, असं फर्नेसला सांगता येत नाही.

लेखातल्या तक्त्याचं तर काय सांगावं! काही आकडे दिवसाच्या बॅरलमध्ये, काही वर्षाच्या टनांत, आणि सगळे एकाच रकान्यात. दिवसाला एक बॅरल म्हणजे वर्षाला ढोबळ मानाने ५० टन; एवढा गुणाकार करायला कार्यालयात कोणी नव्हतं?

हे पत्र छापणार असाल तर कृपया पूर्ण छापा. मागच्या पत्राचा पहिला परिच्छेद तेवढा छापला होतात, ज्यात मी आपल्या अंकाचं कौतुक केलं होतं.

– एक निवृत्त क्रूड युनिट ऑपरेटर