‘नाही’ म्हणायचंच आहे, तर आधी म्हणा

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र वाचून आधी हसू आलं, मग जरा काळजी वाटली. मदतीची पानं लिहायचं काम तुमच्या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पाने तुझ्याकडे दिलं हे उत्तमच झालं. आजवर तिथे ज्याला सवड मिळेल त्याने लिहावं असा कारभार होता. पण ‘मालकीच्या सॉफ्टवेअरबाबत आमची भूमिका’ हे जे लांबलचक टिपण तू सोबत पाठवलं आहेस, ते वापरणारा माणूस कधी वाचेल असं तुला खरंच वाटतं? टिपण वाईट नाही. मुक्त सॉफ्टवेअरची चारही स्वातंत्र्यं नीट मांडली आहेस: हवं त्या कामासाठी वापरायचं, आतला कोड पाहून बदलायचं, प्रती वाटायच्या आणि आपण सुधारलेली आवृत्तीही वाटायची. सुरुवात 1983 सालच्या ग्नूच्या, म्हणजे रिचर्ड स्टॉलमन यांच्या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या, घोषणेपासून केली आहेस. फक्त ज्याचं वायफाय चालत नाही, तो रात्री साडेअकराला 1983 सालात जायला तयार नसतो.

कोड बंद ठेवलेलं, मालकीचं सॉफ्टवेअर सोबत न द्यायची तुमची भूमिका बरोबर की चूक यात मी पडत नाही. मंडळींनी ती ठरवली आहे आणि मला ती बरीचशी पटतेही. माझं म्हणणं एवढंच आहे की ती माणसाला कुठे भेटते हे बघ.

डेबियन या लिनक्स सिस्टिमचा जुना इन्स्टॉलर तुला आठवत असेल. सगळं सुरळीत चाललेलं असताना मध्येच सूचना यायची की तुमच्या काही हार्डवेअरला मुक्त नसलेल्या फर्मवेअर (हार्डवेअरच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) फायली लागतात, त्या पेनड्राइव्हवरून देता येतील. त्याखाली फायलींची नावं. इंटेलचं वायफाय कार्ड असेल तर ‘आयडब्ल्यूएलवायफाय’ने सुरू होणारं, मध्ये आकडे असलेलं, ‘यूकोड’वर संपणारं एक नाव. मग प्रश्न, फायली आत्ता देता का? हो किंवा नाही. त्या पडद्यावर एकही शब्द खोटा नव्हता. पण ही फाईल मिळते कुठे, नेट चालू करायलाच जी फाईल हवी ती नेटशिवाय आणायची कशी, आणि दुसऱ्या सिस्टिमवर हाच लॅपटॉप मुकाट्याने कसा चालतो, यातलं काहीच तिथे नसायचं. फर्मवेअरसकट बनवलेली इमेज (इन्स्टॉल करायची तयार फाईल) डेबियनच्याच सर्व्हरवर होती, पण ‘अनधिकृत’ म्हणून एका कोपऱ्यात. ज्याला आधीच ठाऊक असे त्यालाच ती सापडे. प्रकल्पाची इतकी विचारपूर्वक घेतलेली भूमिका, आणि वापरणाऱ्याला ती भेटायची मशीन बिघडल्यासारखी.

पुढे 2022 साली त्यांनी यावर मतदान घेतलं. ‘सामाजिक करार’ या त्यांच्या वचननाम्यातलं पाचवं कलम बदललं आणि जून 2023 मध्ये आलेल्या डेबियन 12 पासून असं फर्मवेअर अधिकृत इमेजमध्येच येऊ लागलं. याला कुणी तडजोड म्हणतं, कुणी शहाणपण. मला त्या ठरावातला एक भाग फार आवडतो आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. इन्स्टॉलरने कोणकोणतं फर्मवेअर चढवलं, मुक्त आणि अमुक्त दोन्ही, हे वापरणाऱ्याला सांगायचं, त्याची नोंद नव्या सिस्टिमवर ठेवायची आणि शक्य असेल तिथे सुरुवातीलाच हे सगळं बंद करायची सोय द्यायची. शिवाय या फायलींचा कप्पाही वेगळा ठेवला. म्हणजे ज्या क्षणी तत्त्वाला मुरड घातली जाते, त्याच क्षणी ते माणसाला कळतं. हजार शब्दांच्या टिपणाने हे साधलं नसतं.

तुम्हीही असंच करा असं मी म्हणत नाही, कारण तुमच्यातले निम्मे लोक माझ्यावर तुटून पडतील. अगदी दुसऱ्या टोकाचं उदाहरण घे. ग्नूच्या नियमावलीत स्पष्ट लिहिलं आहे की ग्नूच्या प्रोग्रामने अमुक्त प्रोग्रामची शिफारस करू नये, प्रचार करू नये आणि त्याला प्रतिष्ठाही मिळवून देऊ नये. ग्नू गीक्स ही सिस्टिम याच पठडीतली. त्यांचा कर्नल (सिस्टिमचा गाभा) लिनक्स-लिब्रे, म्हणजे सोर्स कोड न देता आलेले बायनरी तुकडे काढून टाकलेला लिनक्स. बरीच आजची वायफाय कार्डं त्यावर चालत नाहीत. पण त्यांच्या पुस्तिकेत इन्स्टॉल करण्याच्या प्रकरणात, पेनड्राइव्ह बनवण्याच्या आधी, हार्डवेअरबद्दलचा एक छोटा भाग आहे. आम्ही काय देत नाही, का देत नाही, कुठल्या चिपची वायफाय कार्डं चालतात, सगळं तिथेच. ते वाचून एखादा परत फिरेल, पण चिडून फिरणार नाही. सगळ्यात कडक प्रकल्प सगळ्यात आधी सांगतो, आणि तुमच्यासारखे मधले प्रकल्प मात्र गुळमुळीत राहतात हे मला कधी कळलेलं नाही.

आता तू लिहिलेल्या त्या ग्राफिक्स कार्डवाल्याचं, जो कार्डासाठी मदत मागायला तुमच्याकडे आला होता. ‘असं हार्डवेअर घेतलंतच कशाला?’ हे उत्तर तुमच्याकडच्या ज्याने दिलं, त्याला मुदपाकखान्यात नाही तर निदान कोड लिहायला पाठव, माणसांशी बोलायला नको. त्या बिचाऱ्याने लॅपटॉप घेतला, त्यात कार्ड होतं. कोड दाबून ठेवला उत्पादकाने आणि जाब याला? मी त्या पानावर असं काहीसं लिहीन:

‘या कार्डाच्या उत्पादकाच्या ड्रायव्हरचा सोर्स कोड उपलब्ध नाही. त्यात काय चालतं ते आम्हाला तपासता येत नाही, बिघडलं तर दुरुस्तही करता येत नाही, म्हणून तो आम्ही सोबत देत नाही. सोबतच्या मुक्त ड्रायव्हरवर रोजचं काम आणि व्हिडिओ नीट चालतात; जड थ्रीडी खेळ संथ चालतील. उत्पादकाचा ड्रायव्हर तुम्ही स्वतः टाकू शकता, पण त्यानंतरच्या अडचणींत आमची मदत मर्यादित असेल.’

संथ चालतील हे लिहायला तुमच्यातले काही जण कां कूं करतील. लिहाच. मुक्त ड्रायव्हर सगळ्या बाबतीत सरस आहे असं एकदा सांगितलंत आणि त्याने खेळ सुरू करून पाहिला, की तुमच्या बाकीच्या शब्दांवरचाही त्याचा विश्वास उडाला. आणि परवान्याच्या कलमांआड लपू नका. काही ठिकाणी वाटायची परवानगी असूनही तुम्ही देत नाही. तो तुमचा निर्णय आहे, तसाच सांगा.

त्या मजकुरातलं शेवटचं वाक्य कुणाला धमकी वाटेल. पण लिनक्स कर्नल नेमकं हेच करतो ना! बंदिस्त मॉड्यूल (कर्नलला जोडलेला कोडचा तुकडा) चढलं की कर्नल स्वतःवर ‘टेंटेड’, म्हणजे डागाळलेला, असा शिक्का मारून घेतो आणि बिघाडाच्या अहवालात ‘पी’ हे अक्षर दिसायला लागतं. तो अहवाल पाठवलास की बहुधा उत्तर येतं, ते मॉड्यूल काढून चूक पुन्हा करून दाखवा. त्यात राग नाही आणि उपदेशही नाही. जो कोड दिसत नाही त्यातली चूक शोधणार कशी? नीतीचं प्रवचन ऐकून न घेणारा माणूससुद्धा हे कारण चटकन समजून घेतो.

तरीही कुणी ‘पण फुकट मिळतंय ना, मग काय बिघडलं?’ असं विचारलंच, तर त्याला बिटकीपरची गोष्ट सांग. कर्नलची मंडळी 2002 पासून कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं हे बंदिस्त साधन वापरत होती, त्यांना ते फुकट मिळत होतं. कुरकुर करणारे तेव्हाही होते, त्यांना हट्टी ठरवलं गेलं. 2005 मध्ये ती फुकट सवलत काढून घेतली गेली आणि लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांना हातातलं काम बाजूला ठेवून गिट हे त्याच कामाचं मुक्त साधन लिहायला बसावं लागलं. गिट आलं हे आपलं नशीब. प्रत्येक प्रकल्पात टॉरवाल्ड्स बसलेला नसतो.

अधल्यामधल्या गोष्टींसाठी एफ-ड्रॉइड या अँड्रॉइडच्या मुक्त ॲप-भांडाराची पद्धत पाहा. तिथे ॲप मुक्तच असतं, पण ते एखाद्या अमुक्त सेवेवर चालत असेल, जाहिराती दाखवत असेल किंवा तुमचा माग ठेवत असेल तर त्याच्या पानावर ‘अँटी-फीचर’ म्हणून तसा शेरा असतो. ॲप काढून टाकत नाहीत, लपवतही नाहीत. शेरा आणि इन्स्टॉलचं बटण एकाच पानावर, पुढचं ज्याचं त्याने ठरवावं. तुमच्या प्लगिनच्या यादीला हे सहज जमेल. (डेबियनमध्ये ‘व्हीआरएमएस’ नावाचं एक खट्याळ पॅकेज होतं, रिचर्ड स्टॉलमन यांच्या आद्याक्षरांवरून. मशीनवर काय काय अमुक्त आहे त्याची ते यादी द्यायचं, आणि काहीच नसेल तर आरएमएसना अभिमान वाटेल म्हणून शाबासकी. पुढे त्याचं नाव बदलून रुक्ष केलं. मला जुनंच आवडायचं.)

एक गोष्ट मात्र मला खरोखर खटकली. पानावर अवाक्षर नाही, आणि चॅटवर तुमचेच लोक वापरणाऱ्याला बंदिस्त गोष्टी चढवणाऱ्या स्क्रिप्टची लिंक हळूच देतात, ‘आमचं नाव नको सांगू’ म्हणून. यापेक्षा तो उद्धट माणूस परवडला! चोरवाट दाखवली की समोरचा एवढंच शिकतो की नियम दाखवायला आहे. ती स्क्रिप्ट बहुतेक सगळे वापरत असाल तर तसं बैठकीत बोला आणि पानावर लिहा, त्यातल्या धोक्यांसकट. नसेल लिहायचं तर चॅटवरही देऊ नका. हे बोलणं तुलाच काढावं लागेल. पानं तुझ्याकडे आहेत, आणि शिव्याही तुलाच खायच्या आहेत.

टिपण टाकून देऊ नकोस. ‘आमच्याबद्दल’ या पानावर ते शोभेल, फक्त तिसरा परिच्छेद काढ. त्यात वापरणाऱ्याला ‘बळी’ म्हटलं आहेस, आणि कुणाला आपल्याला बळी म्हटलेलं आवडत नाही. डाउनलोडच्या बटणाच्या वर हार्डवेअरचा तक्ता आधी येऊ दे. स्कॅनरचं पान झालं की मला पाठव. तिथे उत्पादकांनी जो गोंधळ घालून ठेवला आहे, त्यावर मला बरंच बोलायचं आहे.

घरी सगळ्यांना नमस्कार.

तुझा,
अनंत